आधी काम, मग अध्यक्ष

वाचकांचे प्रश्न

मुलांनी स्वतःचे गट उभे करावेत आणि स्वतःच चालवावेत, हे त्यांना शिकवायचं कसं, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं आली. शिक्षकांची आली, पालकांची आली, काही विद्यार्थ्यांचीही आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले सहा इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेत दर जूनमध्ये विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, पर्यावरण मंडळ स्थापन होतं. पाहुणे येतात, फलकाचं उद्घाटन होतं. गणपती उरकले की सगळं थंड. मुलांना खरोखर गट चालवायला शिकवायचं असेल, तर सुरुवात कुठून करायची?
— माध्यमिक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : काम ठरण्याआधीच पदं वाटली जातात, म्हणून मंडळ थंडावतं. खजिनदाराच्या हाती रुपया नसतो, सचिवाला लिहायला काही नसतं आणि ज्यांना पद मिळालं नाही ती तीस-पस्तीस मुलं पहिल्याच दिवशी प्रेक्षक होऊन बसतात. पहिला महिनाभर निवडणूक नको, पदं नकोत, फलकही नको.

एक तास काढा. प्रत्येकाला कागदाचा चिटोरा द्या आणि एकच प्रश्न विचारा : शाळेत किंवा शाळेच्या वाटेवर अशी कोणती अडचण आहे, जी तुला एकट्याला सोडवता येत नाही? नाव लिहायचं नाही. सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून मुलांनीच सारख्या चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे. मैदानातले दगड, वाचनालयाला कायमचं कुलूप, न समजलेलं गणित, चुकणारी एस.टी., पंक्चर सायकल असं काय काय निघेल. त्यातून एकच ढीग निवडायचा. निवडताना तीन गोष्टी बघा. पंधरा दिवसांत डोळ्यांना दिसेल असं काही होईल का? त्याला पाच ते आठ मुलं खरोखर लागतील का? आणि मुख्याध्यापकांच्या एका परवानगीत काम भागेल का? ग्रामपंचायत, एस.टी. आगार, शिक्षण विभाग अशा दारांवर पहिल्याच कामात जायला लागलं की मुलं उत्तराची वाट बघत बसतात आणि गट तिथेच विरतो.

सायकलचंच उदाहरण घेऊ. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, पण पंक्चरचं दुकान बऱ्याचदा गावात नसतं. पायाने मारायचा पंप, दोन-तीन पाने, टायर उचलायच्या पट्ट्या, पॉलिश पेपर, सोल्यूशन, रबराची ठिगळं आणि पाण्याचं घमेलं एवढ्यावर पंक्चर गट सुरू होतो. साधारण हजार रुपयांत हे सामान येतं. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात फिरवायची, बुडबुडा दिसला की खडूने खूण करायची, जागा पूर्ण कोरडी करून घासायची, सोल्यूशन पातळ लावायचं आणि थांबायचं. सोल्यूशन ओलं असतानाच ठिगळ दाबलं, तर ते दुसऱ्या दिवशी सुटतं. बोटाला ओलं लागेनासं झालं की मगच ठिगळ बसवायचं. पाण्यात बुडबुडा दिसलाच नाही, तर व्हॉल्व्हवरची छोटी रबरी नळी बघायची. पुष्कळदा तीच कुजलेली असते. सोल्यूशनची ट्यूब मात्र शिक्षकांच्या कपाटात राहील आणि वापर उघड्यावरच होईल, हा नियम मुलांच्या मताला टाकायचा नाही, कारण त्याचा वास घ्यायची सवय लागू शकते.

हे काम निवडण्यामागे कारण आहे. ट्यूब धरायला एक आणि घासायला एक, अशी जोडी लागतेच. सोल्यूशन सुकेपर्यंतच्या तीन-चार मिनिटांत गप्पा होतात. ज्याला कालच जमलं, तो आज दुसऱ्याला शिकवतो. गट असल्या जागी तयार होतो. मैदान, वाचनालय, गणित यांतलं काहीही घेतलं तरी तुमच्या कामात अशी जोडीची आणि थांबण्याची जागा आहे का, तेवढं बघा.

पाच-आठ जणांनी सुरुवात करा, पंधरापर्यंत वाढू द्या आणि वीस झाले की दोन गट करा. वार आणि वेळ पक्की हवी. ‘सोयीनुसार भेटू’ म्हणणारे गट भेटत नाहीत. पहिल्या दोन बैठका तुम्ही चालवा. तिसरी-चौथी मुलांनी चालवावी, तुम्ही शेवटची पाच मिनिटंच बोला. पाचव्या बैठकीला तुम्ही शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसा. सुरक्षितता, कोणाला गटातून वगळणं आणि ठरलेल्या रकमेवरचा खर्च या तीनच गोष्टींत शेवटचा शब्द तुमचा, हे पहिल्या दिवशी सांगून टाका. बाकी निर्णय मुलांचा, तो तुम्हाला पटला नाही तरीही. पाच-सहा बैठकांनंतर किल्ली कोण आणतं, हिशेब कोणाला जमतो, भांडण कोण मिटवतं हे मुलांना आपोआप कळलेलं असतं. तेव्हा पदं हवीशी वाटली, तर निवडा.

प्रश्न : बैठक घ्यायला सांगितली की एक तर गोंधळ होतो, नाही तर दोघंच बोलतात. निर्णय होतात, अंमलबजावणी होत नाही.
— जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : बैठक घेणं हे कौशल्य आहे आणि ते पोहण्यासारखं वेगळं शिकवावं लागतं. बाकांवर नको, सतरंजीवर गोल बसवा. बैठक चाळीस मिनिटांची. पहिली पाच मिनिटं मागच्या वेळी ठरलेलं वाचायचं. पुढच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने एकेक वाक्य बोलायचं. वीस मिनिटांत जास्तीत जास्त दोन विषय. पाच मिनिटं कोण काय करणार, आणि शेवटची पाच मिनिटं आजची बैठक कशी झाली. तिसरा विषय निघाला तर तो पुढच्या वेळी.

दोघंच बोलत असतील तर प्रत्येकापुढे दोन खडे ठेवा. एकदा बोललं की एक खडा मध्ये टाकायचा. दोन्ही संपले की बाकीच्यांचे संपेपर्यंत गप्प. दोन-तीन बैठकांत सवय लागते, मग खडे काढून घ्या. कायमचे ठेवले तर मुलं बोलण्याऐवजी खडे मोजत बसतात. हात वर करून मतदान शक्यतो शेवटी करा. त्याआधी विचारा, ‘हे कोणाला अजिबात चालणार नाही, असं आहे का?’ आठ जणांत पाच विरुद्ध तीन असा निकाल लागला, तर काम पाचच जण करतात.

अंमलबजावणी अडते ती लिहिण्यात. वहीच्या पानावर चार रकाने आखा : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. ‘मैदान साफ करणे — सर्वांनी — लवकरात लवकर’ अशी ओळ दिसली की ते काम होणार नाही, हे धरून चाला. ‘गोलपोस्टजवळचे दगड उचलणे — दोन नावं — गुरुवारची मधली सुट्टी’ ही ओळ पुरी होते. पुढच्या बैठकीत चौथा रकाना मोठ्याने वाचायचा. नाही झालं तर ‘का केलं नाहीस?’ असं न विचारता ‘कशात अडलं?’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला मूल सबब सांगतं, दुसऱ्याला अडचण सांगतं.

आणखी एक, आणि हे जरूर करा. गावात महिला बचत गट असेलच. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची आई त्यात असेल, तर तिला गटाची वही घेऊन वर्गात बोलवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख हिशेब ही बचत गटांची पंचसूत्री ती तोंडपाठ सांगेल. दहा-वीस बायका वर्षानुवर्षं कशा टिकतात, उशिरा येणारीला दंड का, कर्ज थकलं तर काय करतात, हे मुलांनी तिला विचारावं. शेतमजुरी करणारी आई वर्गात गुरू म्हणून बसलेली तिच्या मुलांनी पाहणं, हेही त्या तासाचं शिक्षणच.

प्रश्न : आम्ही 24 मुलं शिक्षणासाठी शहरात भाड्याच्या खोल्यांत राहतो. बाहेरची मेस परवडत नाही. स्वतःची मेस चालवायची आहे. भांडणं होऊ नयेत म्हणून हिशेब कसा ठेवावा?
— पदवीचे विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : महाराष्ट्रात याला थोर परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामंही स्वतः करत. तुमच्या मेसचा पहिला नियमही तोच ठेवा : पंगत एक, भांडी एक, पाण्याचा माठ एक. अंडी किंवा मटण हवं असेल त्यांनी त्याचे पैसे वेगळे द्यावेत, ताट वेगळं मांडू नये.

आता हिशेब. खर्चाचे दोन भाग करा. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आणि जागेचं भाडं हा ठाम खर्च. कोणी जेवो न जेवो, तो सगळ्यांत सारखा वाटायचा. किराणा, भाजी, तेल, गॅस हा बदलता खर्च. तो जेवणांच्या संख्येवर. समजा, ठाम खर्च 19,200 रुपये झाला. 24 जणांत तो माणशी 800. बदलता खर्च 45,360 झाला आणि महिन्यात सगळे मिळून 1,260 वेळा जेवले, तर एका जेवणाला 36 रुपये. 50 वेळा जेवलेल्याचं बिल 800 अधिक 1,800, म्हणजे 2,600. गावी जाऊन आलेला 38 वेळाच जेवला असेल तर 800 अधिक 1,368, म्हणजे 2,168. एकूण खर्च भागिले 24 असा सरसकट हिशेब केलात, तर गावी जाणारे दुसऱ्याच महिन्यात कुरकुरतील आणि तिसऱ्या महिन्यात सोडून जातील.

जेवणाची नोंद स्वयंपाकघराच्या दारावर, रोज, ज्याची त्याने करायची. उद्या जेवायचं नसेल तर आज रात्री आठपर्यंत खाडा मांडायचा. आठनंतर मांडलेला खाडा धरायचा नाही, कारण मावशींनी कणीक त्याच अंदाजाने काढलेली असते. पाहुण्याचं जेवण 36 ऐवजी 50 रुपये. माणशी हजार रुपये अनामत आधीच गोळा करा. त्या 24,000 मध्ये महिन्याचा किराणा घाऊक बाजारातून रोखीने येतो. दुकानात उधारी सुरू झाली की भाव दुकानदार ठरवतो आणि महिनाअखेरीला खरा खर्च किती, ते कोणालाच सांगता येत नाही.

अंदाजासाठी माणशी एका जेवणाला 150 ग्रॅम कणीक, 75 ग्रॅम तांदूळ, 40 ग्रॅम डाळ धरा. 24 जण जेवणार असतील तर कणीकच 3 किलो 600 ग्रॅम लागते. पहिले दहा दिवस काय उरतं आणि काय कमी पडतं ते लिहून आकडा दुरुस्त करा.

खरेदी दोघांच्या जोडीने, दर आठवड्याला जोडी बदलून. खरेदी करणाऱ्याने हिशेब लिहायचा नाही आणि हिशेब लिहिणाऱ्याने खरेदी करायची नाही. हा अविश्वास मानू नका. यामुळे खजिनदार संशयापासून वाचतो. दर रविवारी आठवड्याचा जमाखर्च भिंतीवर लावा. महिन्यातून एकदा लावला तर त्यातली चूक चार आठवडे जुनी झालेली असते आणि ती काढणं म्हणजे आरोप करणं वाटतं.

पैसे पाच तारखेपर्यंत. कोणाचे आले नाहीत तर दोघांनी जाऊन एकांतात विचारावं. थकबाकीदारांची नावं भिंतीवर लावू नका. घरून पैसे येणं थांबलेला मुलगा कर्ज काढून पैसे देईल किंवा गुपचूप जेवण सोडेल. अनामतीतून एका महिन्याची मुदत आणि नंतर हप्ते, ही सोय नियमांत आधीच लिहून ठेवा, म्हणजे ती मागताना कोणाला मान खाली घालावी लागणार नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमचा 14 जणींचा वाचन गट आहे. पुस्तकं मी आणते, निरोप मी देते, विषय मी ठरवते. मी आजारी होते तेव्हा गट भरलाच नाही. कोणालाच मनापासून यायचं नाही का?

उत्तर : त्यांना यायचं असेल, पण त्यांना करायला तू काही ठेवलेलंच नाहीस. हा दोष नव्हे. ज्याला तळमळ असते त्याच्याकडून हे होतंच. गटासाठी तू करतेस ती सगळी कामं एका कागदावर लिही, अगदी खोलीची किल्ली मागण्यापर्यंत. दहा-बारा निघतील. त्यातलं एकेक काम पूर्णच्या पूर्ण दुसरीला दे. ‘मला मदत कर’ असं सांगितलंस तर काम तुझंच राहतं. ‘पुढच्या महिन्याचं पुस्तक तू निवड, तूच आण’ असं सांग. सगळ्यांसमोर ‘कोण करेल?’ विचारलंस की सगळ्या जमिनीकडे बघतात, म्हणून एकेकीला वेगळं, नावाने विचार. तिने निवडलेलं पुस्तक तुला आवडलं नाही तरी वाच. आणि महिन्याभरात एक बैठक मुद्दाम चुकव. आधी सांगून चुकव, पण चुकव.

प्रश्न : गटासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करायला मुलं मागे लागली आहेत. सातवी-आठवीची मुलं आहेत. परवानगी द्यावी का?
— पालक, ठाणे

उत्तर : व्हॉट्सअ‍ॅपच्याच नियमानुसार वापरणाऱ्याचं वय किमान 13 हवं. सातवीतली बरीच मुलं त्यात बसत नाहीत आणि काहींकडे घरात फोनच नसतो. अर्धी मुलं ग्रुपवर आणि अर्धी बाहेर राहिली तर प्रत्यक्ष गटातही दोन गट पडतात. या वयाला सूचनाफलक आणि तोंडी निरोपांची साखळी पुरे : एकाने दोघांना सांगायचं, त्या दोघांनी पुढच्या दोघांना. नववीनंतर ग्रुप केलात तर तो निरोपांपुरता. निर्णय त्यावर घ्यायचे नाहीत, रात्री नऊनंतर लिहायचं नाही, विचारल्याशिवाय कोणाचा फोटो टाकायचा नाही. भांडण सुरू झालं की कोणीही एकाने ‘बैठकीत बोलू’ एवढं लिहायचं आणि सगळ्यांनी थांबायचं.

प्रश्न : गटात ठरावीक मुलंच येतात. मुली कमी. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं तर दिवाळीनंतर दिसतच नाहीत. आणि जे चांगलं चाललं, ते दहावीची मुलं गेली की संपतं.
— मुख्याध्यापक, बीड जिल्हा

उत्तर : ‘सर्वांसाठी खुला’ असं लिहिल्याने गट खुला होत नाही. आधी वेळ बघा. शाळा सुटल्यावरची बैठक म्हणजे घरी पाणी भरणाऱ्या, धाकट्यांना सांभाळणाऱ्या आणि शेवटच्या एस.टी.ने जाणाऱ्या मुली बाहेर. मधल्या सुट्टीत किंवा शनिवारी सकाळी शाळेच्या वेळेतच घ्या. मग कामाची वाटणी बघा. महिनाभराची वही काढून केर कोणी काढला, सतरंजी कोणी घातली आणि बैठक कोणी चालवली, हे मुलांनाच मोजायला लावा. आकडे त्यांच्यासमोर आले की तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. ज्या वस्तीतून कोणीच येत नाही, तिथल्या एकाला बोलावू नका. दोघा-तिघांना एकदम बोलवा. एकटा आलेला मुलगा कोपऱ्यात बसतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. नव्या मुलाला पहिल्या तीन बैठकांपुरता जोडीदार द्या. तोच त्याला घ्यायला जाईल आणि शेजारी बसवेल.

ऊसतोडीची मुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांचं नाव वहीतून कमी करू नका. जाण्याआधीच्या बैठकीत प्रत्येकाने सोबत न्यायचं काम ठरवावं. मुलांचा पक्ष्यांच्या नोंदींचा गट असेल, तर फडावर दिसलेल्या पक्ष्यांची वही. वाचन गट असेल, तर दोन पुस्तकं आणि कोऱ्या पानांची वही. महिन्यातून एकदा गटाने घरच्या फोनवर बोलावं आणि मागे काय चाललंय ते सांगावं. परत आल्यावर पहिली बैठक त्या मुलांच्या वह्यांची. त्या मुलाला ‘मागे पडलेला’ म्हणून परत आणणं आणि ‘नोंदी घेऊन आलेला’ म्हणून परत आणणं यांत फार फरक आहे. मुलांना शाळेच्या हंगामी वसतिगृहात मागे ठेवलं असेल, तर गटाची संध्याकाळ त्यांच्यासोबत काढावी. त्या महिन्यांत त्यांना याची सगळ्यात जास्त गरज असते.

गट टिकण्याबद्दल. सूत्रं मार्चमध्ये दिली तर देणारे परीक्षेत आणि घेणारे स्वतःच्या परीक्षेच्या तयारीत. ती डिसेंबर-जानेवारीत द्या, म्हणजे दहावीची मुलं दोन महिने मागे बसून बघू शकतात. त्यांनी हस्तांतरणाची एक वही लिहावी : किल्ली कोणाकडे, सामान किती आणि कुठे, शिल्लक रक्कम, कुठला दुकानदार उधार न देता कमी भाव लावतो, कोणत्या महिन्यात हजेरी घटते, काय करून बघितलं आणि फसलं. महाविद्यालयांच्या नाट्यगटांत पहिल्या वर्षाची मुलं नेपथ्य उचलण्यापासून सुरू करतात आणि म्हणूनच दर वर्षी गट नव्याने उभा राहतो. शाळेतही आठवीच्या दोघांना प्रत्येक कामात नुसतं सोबत ठेवा.

काही शाळा संस्था-नोंदणीबद्दलही विचारतात. शाळेच्या गटाला ती नको. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सात सज्ञान सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 नुसार धर्मादाय कार्यालयाकडची नोंदणी आणि दर वर्षीचे हिशेबही मागे येतात. माजी विद्यार्थ्यांनी बाहेर काम वाढवलं आणि देणग्या घ्यायची वेळ आली, तर त्यांनी तो विचार करावा.

एखादा गट संपायचाच असेल, तर तो बैठक घेऊन संपू द्या. सामान कोणाला, उरलेले पैसे कशाला आणि वही कोणत्या कपाटात, हे त्याच चार रकान्यांत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या जूनमध्ये ते कपाट उघडलं की पहिल्या चिठ्ठीच्या तासाला ती वही मुलांसमोर ठेवा.